निर्माल्याची जाळी

कामतघर, भिवंडी
२० जुलै २०२५

चि. वाल्मीक यास मंदाताईचा सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

फोनवर तू मला मधेच तोडतोस, म्हणून पत्र. कागदाला तोडता येत नाही, फार तर फाडता येतो.

आमच्या खाडीपुलाला दोन्ही बाजूंनी उंच जाळी हवी, म्हणून आमची समिती मार्चपासून बांधकाम खात्याच्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवते आहे. समिती म्हणजे तीन माणसं. मी निवृत्त नर्स, दुसरे रहमतुल्लाभाई, ज्यांचे कापडाचे लूम आता मुलगा बघतो, आणि तिसरी गुणाबाई. गुणाबाईचा विकी फेब्रुवारीत त्या पुलावरून कायमचा गेला. दीड वर्षात तो चौथा.

परवा साहेबांनी लेखी उत्तर दिलं, की जाळीचा भार पुलाला पेलणार नाही. दिवसभर कंटेनर पेलणारा पूल जाळीने म्हणे वाकेल! वर या गृहस्थाने गुणाबाईला विचारलं, की मुलाकडे तुमचं लक्ष नव्हतं का. ती चहा न पिता उठली. मला तो कप त्याच्या फायलीवर ओतावासा वाटला.

तू पस्तीस वर्षं सरकारी खात्यात पूल बांधलेस. निवृत्त असलास तरी तुझ्या सहीला वजन आहे. पूल जाळी पेलतो, एवढं गणित मांडून सही करून दे. माझा नागसेन बरा आहे, पूर्णा गावातल्या गोदामात ड्युटीला जातो. ललिताला आशीर्वाद. तुझा लोभ आहे हे ठाऊक आहे, तो जरा कामाला लाव.

तुझी मंदाताई

*

नाशिक
२९ जुलै २०२५

ती. मंदाताईस वाल्मीकचा नम्र जयभीम.

ललिताने पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, त्यामुळे फाडायची सोय राहिली नाही.

ताई, तुझ्या समितीचं मला हसू येतं. ज्याला मरायचंय तो एक वाट बंद झाली की दुसरीकडे जाईल. आजकालच्या पोरांना कणाच नाही. मुकादम ओरडला की यांचं जग बुडालं. आपला नागसेन बघ, बारा-बारा तासांची शिफ्ट करून ताठ उभा आहे. त्यालाच पुलावर शिकवणी घ्यायला बसव, जाळीपेक्षा स्वस्त पडेल.

भाराचं म्हणशील तर ते थोतांड आहे. पूल असली जाळी सहज पेलेल. कार्यालयाला फायलीवर आत्महत्या हा शब्द नको असतो, कारण मग कोणीतरी विचारतं, की इतके दिवस काय करत होतात. मी पुलांवर जाळ्या बसवल्या त्या निर्माल्यासाठी. लोक गाडी थांबवून फुलांच्या पिशव्या पाण्यात फेकतात ना! निर्माल्य म्हटलं की पंधरा दिवसांत मंजुरी. तेव्हा मला या भानगडीत ओढू नकोस. गुडघ्याला तेल लावत जा, आणि रागावली असलीस तरी पत्र पाठव.

तुझा वाल्मीक

*

कामतघर
३ सप्टेंबर २०२५

चि. वाल्मीक यास जयभीम.

तुझ्या तिरकस पत्रातून कामाचा एकच शब्द निघाला, निर्माल्य. आम्ही लगेच नवा अर्ज केला. त्यावर सह्या कोणाच्या, तर एका बौद्ध बाईची आणि एका पाच वेळच्या नमाजी माणसाची, की देवाची फुलं खाडीत पडताना बघून आमच्या मनाला वेदना होतात. रहमतुल्लाभाईंच्या रुकय्याभाभींना हसून हसून ठसका लागला. गुणाबाईने मात्र सही केली नाही. म्हणाली, माझ्या विकीला जाळी न्हाय नि फुलांना हाय, मग माझं नाव त्यात नको.

बाराव्या दिवशी मंजुरी. तीच जाळी, तोच पूल, आणि भाराचं कोणाला आठवलंही नाही. एका पुढाऱ्याने नारळ फोडला आणि फोटोसाठी चारदा जाळीला हात लावला.

पण जाळी एकाच बाजूला लागली. यात चूक आमचीच. अर्ज खरा वाटावा म्हणून आम्ही शहाणपणाने लिहिलं होतं, की लोक विसर्जन घाटाच्या बाजूने पिशव्या टाकतात. साहेब म्हणतात, दुसऱ्या बाजूला निर्माल्य पडत नाही, तेव्हा तिथे जाळीचं प्रयोजन नाही. म्हणजे अर्धा पूल उघडाच. आता खरं कारण लिहूनच अर्ज करायचा आहे, आणि त्याला तुझं गणित हवं.

मंदाताई

*

नाशिक
११ सप्टेंबर २०२५

ती. ताईस जयभीम.

इतकं हसलो की ललिता धावत आली. दुसऱ्या बाजूलाही चार पिशव्या टाका आणि फोटो काढा, काम होईल. पण बघ, एक बाजू बंद झाली तर जाणारा आता दुसऱ्या बाजूला जाईल. मी म्हणालो नव्हतो? सोड हा नाद, आणि भावावरचा राग गिळून टाक.

वाल्मीक

*

कामतघर
१६ सप्टेंबर २०२५

वाल्मीक,

गेल्या डिसेंबरात तुझा ताठ भाचा भरदुपारी त्याच पुलावर उभा होता.

गोदामातून माल गहाळ झाला आणि आळ नागसेनवर आला. रहमतुल्लाभाई रिक्षाने मानकोलीला चालले होते. त्यांनी त्याला पाहिलं, रिक्षा थांबवली, त्याचा हात धरला आणि तासभर सोडला नाही. काय बोललात म्हणून मी नंतर विचारलं, तर म्हणाले, काही नाही, लूमच्या गोष्टी सांगत बसलो.

तू म्हणतोस, असे लोक दुसरीकडे जातात. नागसेन घरी आला. मी वाढलं ते जेवला आणि दोन दिवस झोपला. मग आम्ही डॉक्टरांकडे गेलो, औषध अजून चालू आहे. आळ खोटा निघाला. आता तो घरात गाणी लावतो, माझ्याशी भांडतोही.

तो एक तास टळायला हवा होता, एवढंच. गुणाबाईच्या विकीला तो तास टाळून देणारं कोणी भेटलं नाही. दर वेळी रहमतुल्लाभाई रिक्षाने जात नसतात, म्हणून मी जाळी मागते.

तुला सांगितलं नाही, कारण तू जे लिहिलंस तेच बोलला असतास. आणि तो तुला फार मानतो.

मंदा

*

नाशिक
२२ सप्टेंबर २०२५

ती. मंदाताईच्या चरणी,

गणित सोबत जोडलं आहे, सहीसकट. कारणाच्या रकान्यात स्पष्ट लिहिलंय, माणसं वाचवणे. पुढच्या सोमवारी मी स्वतः येतो आणि साहेबासमोर बसतो. यांनी टोलवाटोलवी मला शिकवू नये, मीच पस्तीस वर्षं केली आहे. तुमच्यासारखे तीन अर्ज माझ्या टेबलावर आले होते. मी ते दप्तरी दाखल करून मोकळा झालो. अर्जदारांची नावंसुद्धा आठवत नाहीत. ताई, मला माझीच किळस येते.

काल नागसेनला फोन केला. पुलाचं काढलं नाही. जेवलास का, कसा आहेस, एवढंच विचारलं. जेवलो, बरा आहे, म्हणाला. मग म्हणाला, मामा, आईने सांगितलं ना तुम्हाला. मी विचारलं, तुला कसं कळलं. तर म्हणाला, की आजवर तुम्ही फक्त कामाचं विचारलंत.

लोभ कमी झाला असेल तर तो योग्यच आहे. सोमवारी दार मात्र उघड.

तुझा
वाल्मीक