वेशीच्या आत हत्यार बंद

१० मार्च २०१९

नाही म्हणजे नाही! वेशीच्या आत तलवार चालणार नाही. गहिनीनाथ तात्यांना किती वेळा सांगायचं? 'आगं पर माजा गडी सरदार हाय की!' असू दे सरदार. सरदारानंही तलवार वेशीवर जमा करायची, बिल्ला घ्यायचा आणि जाताना बिल्ला देऊन ती परत न्यायची. साठीचे तात्या अर्धा तास रुसून बसले. मग बिल्ला पितळी पाहिजे म्हणाले. दिला पितळी!

दुष्काळातल्या या चारा छावणीत जनावरांपुढे ऊस टाकला की दुसरं काम नसतं. म्हणून हा खेळ. बंकटकाकांच्या उत्तरेश्वरनं पुण्याहून, होस्टेलवरून आणलेला. पट नाही, सोंगट्या नाहीत — मी गोष्ट सांगते, बाकीचे त्यातली माणसं होतात, अडलं की फासे. कुठलं हत्यार कुठे चालतं याचे नियम त्याच्या मोबाइलमध्ये इंग्रजीत आहेत. पानंच्या पानं! पण त्यात कोयता कुठे आहे? मग आपल्यापुरते नियम मीच मराठीत लिहून काढले. काठी, गोफण — खुशाल न्या. तलवार, भाला — वेशीवर जमा.

कोयत्याचं घोडं मात्र अडलंय.

११ मार्च

कोयत्यावरून आज खेळच झाला नाही, नुसता वाद! उत्तरेश्वर म्हणतो, 'कोयता हत्यार न्हाई, अवजार हाय.' तात्या म्हणतात, 'उसावर चालला तर अवजार. माणसावर उगारला तर काय म्हनशील बे?' आई कडेला ज्वारी निवडत बसलेली. ती खेळत नाही, पण ऐकते सगळं. शेवटी ठरलं — कामाच्या जागी कोयता चालेल. काम संपलं की जमा. लपवून न्यायचा तर फासा टाका. पातं जेवढं लांब तेवढे गुण वजा.

लगेच उत्तरेश्वरनं उसाच्या मोळीत भाला लपवला. फासा पडला एक! पहारेकऱ्यानं मोळी सोडायला लावली. हसून हसून माझं पोट दुखलं.

१२ मार्च



दादा आणि बंकटकाका हौदावर पुन्हा भांडले. कुणाची जनावरं आधी पाणी पिणार, हेच रोजचं. दोघंही जनावरांसाठी ऊस तोडता तोडता तसेच आलेले, हातात कोयते. दादांनी उगारला. बंकटकाकांनीही उगारला. मधे चार माणसं पडली म्हणून निभावलं. माझे वडील आणि उत्तरेश्वरचे वडील! छावणीत येईपर्यंत एका पुडीतली तंबाखू खायचे.

आई एवढंच म्हणाली, 'एक दिस एक जाईल मातीत अन् दुसरा जेलात.' मला तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये.

१३ मार्च

खेळ नाही. उत्तरेश्वरनं माझ्याकडे बघितलं नाही. मीही नाही.

१५ मार्च

अगं बाई, काय हे!

सकाळी फाटकापाशी ही गर्दी. बघते तर खांबावर माझा कागद! माझ्याच अक्षरात — 'वेशीच्या आत हत्यार बंद. कोयता कामापुरता. काम संपताच जमा करावा व बिल्ला घ्यावा.' चारी कोपरे खळीनं चिकटवलेले. आणि लोक हातात कोयते घेऊन रांगेत उभे!

रविवारपासून निवडणुकीची आचारसंहिता लागलीय. बंदुकवाले बंदुका जमा करतात, तसं यंदा कोयतेही, असा सगळ्यांचा समज. शेजारच्या सारजाबाई विचारत होत्या, 'विळी बी द्यायची का वो? मग कांदा कशानं चिरू?' एकानं गोफण आणलेली. त्याला वाचून दाखवलं — गोफण चालते. खूश होऊन गेला!

छावणी चालवणाऱ्या दूध संस्थेचे सचिव भगवानराव, त्यांनाही वाटलं तहसीलचाच कागद. 'बिल्ले कावून न्हाई पाठविले?' म्हणून चिडले, मग जनावरांच्या कानातले उरलेले बिल्लेच वाटले. खरं सांगायला मी पुढे झाले, तर म्हणतात, 'बघ पोरी, सगळ्यात आधी आपल्याच छावणीनं अंमल केला!' छाती अशी फुगलेली. कोणत्या तोंडानं सांगू? आले माघारी.

तात्या तर रांगेत सगळ्यांच्या पुढे! तुम्हाला तरी ठाऊक आहे ना हा खेळातला कागद आहे? 'हाय की. पर नियम लई बेस हाय.'

१८ मार्च

हौदावर पुन्हा जुंपली. मी कळशी टाकून पळाले. दादांनी सवयीनं हात उगारला — हातात काहीच नाही! बंकटकाकांचाही हात वर. तोही रिकामा. दोघंही तसेच उभे, देवळात घंटा वाजवायला हात वर करतात तसे. सारजाबाईंना आधी हसू फुटलं, मग बंकटकाकांना. हसता हसता खाली बसले.

बंकटकाका दादांना म्हणाले, 'शहादेवा, पाज बे तुजे बैलं आदी.'

'न्हाई बे, तुजे पाज. तू आदी आलतास.'

आता कुणी मागं थांबायचं यावरून भांडण! तेवढ्यात बैल आपले आपणच पाणी पिऊन गेले. मी किती हलकी झालेय ते लिहिता येत नाही. रडले थोडी. कळशीला पोचा आलाय, आला तर आला!

१९ मार्च

खेळ पुन्हा सुरू. बंकटकाका आणि दादा दोघंही बसले. दादांना पहारेकरी व्हायचंय. झडती अशी घेतात की उत्तरेश्वरची कांदा-भाकरीसुद्धा जमा!

उत्तरेश्वरला विचारलं, कागद तूच लावलास ना? आईची शपथ घेऊन नाही म्हणाला. तात्याही नाही म्हणतात. मग काय वाऱ्यानं लावला?

२२ मार्च

भाकरी थापता थापता सहज म्हटलं, तो कागद कुणी लावला, देवालाच ठाऊक.

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. 'देवाला कावून? मला इचार की. म्या लावला.'