वरची रेघ

गुरुवार, संध्याकाळ

मोडीचा वर्ग सोडायचं ठरवूनच आज क्रांती चौकातून घरी आले. तिथले दोन जिने गुडघ्यांना झेपत नाहीत. साठीला हे कशाला, असं मलाच वाटतं.

आजही मी आधी अक्षरं लिहिली आणि मग वर रेघ ओढली. मोडीत उलटं असतं. आधी पानभर रेघ, मग हात न उचलता तिच्याखाली लिहीत जायचं. सरांनी वही पाहिली. "ताई, अक्षर लई देखणं. पण मोडी नाय ते." शेजारच्या पोरी हसल्या. त्यांना जुनी कागदपत्रं वाचायचं काम मिळवायचंय. मीही हसले, पण लागलं.

सूनबाई म्हणाली, "आई, सोडा ना आता. तुम्हाला कुठं नोकरी करायचीय?"

नोकरी नाही गं. आजोबांची पत्रं आहेत ट्रंकेत. दादा गेल्यापासून ती वाचणारं घरात कुणी नाही.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर इंग्रजी गिरवून घ्यायच्या, तेव्हा शब्द संपेपर्यंत पेन उचलू द्यायच्या नाहीत. म्हणजे हात न उचलणं मला लहानपणापासून येतंय. अडतंय ते रेघेपाशी.

फार दमलेय. तरी वहीच्या पुढच्या पानावर रेघा तेवढ्या ओढून ठेवल्यात.