आरोसच्या कानाखालची सूज

७ मे, मंगळवार
माझ्या कालवडीबद्दलच्या कालच्या नोंदीत चूक आहे. ‘आरोसच्या कानाखाली काही नाही’ असं लिहिलं. तिथे काहीतरी आहे. राजम्याच्या दाण्याएवढं. पण कालच्या मीटिंगमध्ये गोचीडतापाची गाठ कुठे शोधायची हे दाखवताना मीच सगळ्या वस्तीला तिथे दाबायला लावलं. इतकी बोटं लागली तर कुणीही सुजेल. तेव्हा गाठ नव्हे, सूज.

मीटिंग छान झाली. ‘गाठ लागली की त्याच दिवशी गुरांच्या डॉक्टर मुतुआंना फोन’ हे सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घेतलं.

९ मे, गुरुवार
आरोस कळपाच्या मागे राहते. बाबा म्हणाले, तुझ्यावरच गेलीय, विचार करत चालते. ही कालवड त्यांनीच मला दिली. मी शाळेत जायच्याही आधी गाईचा कान चाचपायलाही त्यांनीच शिकवलं. ते काही बोलले नाहीत, म्हणजे काही नसणार. (त्यांना आता नीट दिसत नाही. हात लावून पाहिला का, हे मी विचारलं नाही.)

थर्मामीटर मीटिंगच्या पेटीत आहे. घरच्या गुरांना वापरणं बरोबर नाही.

१२ मे, रविवार
नदीपलीकडे मीटिंग. निरोगी जनावर कसं असतं ते दाखवायला आरोसलाच नेलं. नासेरियन आजीने कानाखाली बोटं ठेवली ती काढेचना. म्हणाली, पोरी, ही निरोगी असेल तर मी नवी नवरी! सगळे हसले. मी समजावलं, नवशिक्याला जिकडे तिकडे आजारच दिसतो. आजी म्हणाली, बरं बाई, तूच तर शिकवलंस.

येताना आरोस वाटेत बसली. तिथे चढ आहे.

फोन केला तर डॉक्टर विचारणार, कधीपासून? मला खोटं बोलता येत नाही. आधी खात्री करते.

१५ मे, बुधवार
आरोस काल गेली. नाकातोंडातून फेस येत होता. बाबा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, दिसत नाही मला, पण हात आहेत ना? एकदा सांगायचंस.

श्वास अडकून फेस इतरही आजारांत येतो. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये हे स्पष्ट करायला हवं.

आज तिच्या आईचा कान चाचपला. घरात दूध देणारी ती एकटीच. राजम्याच्या दाण्याएवढं आहे. तिला कुणीच दाबलेलं नाही.

फोन करणारच. उद्या काजियाडोचा गुरांचा बाजार, डॉक्टर गडबडीत असतील. शुक्रवारी माझी मीटिंग. शनिवारी, १८ मे, सकाळी उठल्याबरोबर.