न दुखणारा पडदा

कौतोकेइनो, १२ एप्रिल १९६१

चि. बिरेत हिस आजीचे अनेक आशीर्वाद.

दुकानातली एलन लिहितेय, मी सांगतेय. चुका तिच्या, शहाणपण माझं.

यंदाही बर्फावरच्या उन्हाची तिरीप लागली, तीही उजव्या डोळ्याला. डावा तर लहानपणीच गेलेला. खालून काळा पडदा वर चढतोय. अंधारात बसून चहाच्या चोथ्याच्या पट्ट्या ठेवतेय. नवल म्हणजे यंदा जरासुद्धा दुखत नाही, तेव्हा हलकंच असणार. पुढच्या आठवड्यात रेनडिअरचा कळप समुद्राकडे निघेल. तुझा बाप म्हणतो, म्हातारे, घरी राहा. मी त्याला म्हटलं, स्लेज माझी आहे, तूच राहा.

नर्सिंगच्या शाळेत पोटभर जेवतेस ना? माया आटू देऊ नकोस.

तुझी आजी राव्ना

ऑस्लो, १७ एप्रिल

ती. आजीस सा. न.

पत्र मिळालं. बर्फाने भाजतो तो डोळ्याचा अगदी पुढचा, काचेसारखा पापुद्रा. तो वाळू गेल्यासारखा ठणकतो. तुझा दुखत नाही, म्हणूनच मला घोर लागलाय. बाहेर पांढरं कवच, त्याच्या आत रक्तवाहिन्यांचा थर आणि सगळ्यांत आत बघणारा नाजूक पडदा. त्याला दुखणं कळतच नाही. तोच मधल्या थरापासून सुटत चाललाय. पूर्ण सुटला तर कायमचा अंधार, आजी! स्लेजवर पाऊल ठेवू नकोस, उताणी पडून राहा. तिथल्या डॉक्टरांना तार केलीय. रागाव हवं तर, पण ऐक.

तुझीच बिरेत

ट्रोम्सो, ९ जून

चि. बिरेत हिस आशीर्वाद.

आता इथल्या इस्पितळातली नर्स लिहितेय. तुझी तार घेऊन डॉक्टर आला तेव्हा मी स्लेजवर बसले होते, रेनडिअर जुंपलेला. मी डॉक्टरला नाही नाही ते बोलले. तुझ्या बापाने मला उचलूनच खाली घेतलं.

इथे डोळा शिवला, डाग दिले. मग डोळे बांधून, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून पाडून ठेवलं. रोज वाटायचं, पट्टी सुटली तरी अंधारच असेल.

काल सुटली. समोर अक्षरांचा तक्ता धरला आणि म्हणाले, वाचा. मी गप्प. डॉक्टरचा चेहरा पडला, नर्सने माझा हात धरला. मी म्हटलं, बाळांनो, वाचता कुणाला येतंय? पण रेनडिअरच्या कानावर मालकाची खूण कापतात, ती मला ओळखता येते. वरच्या जनावराच्या कानाला एका बाजूने तीन खाचा आहेत, त्याखालच्याचं टोक छाटलंय, आणि शेजारच्याला भोक पाडलंय. असलं भोक आमच्यात कुणीच पाडत नाही, तेव्हा ते चोरीचं.

शेवटची ओळ मात्र दिसली नाही. तिथली जनावरं दुसऱ्या कुणीतरी धरावीत.

सुट्टीत ये. लोभ आहेच, वरून थोडा धाकही असू दे.

तुझी आजी राव्ना