नाव-गावासकट

नाना,

तुमचा एक नियम मी वापरला आणि त्यापायी एका बाईंचं लिहिणं बंद झालं. हे तुमच्याशिवाय कोणाला सांगू? तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरातला फोनसुद्धा वायरचा होता, म्हणून आधी थोडं समजावून सांगते. तुम्ही साप्ताहिकात वाचकांच्या पत्रांचं पान सांभाळायचात ना, तसलंच पान मी आता फोनवर चालवते. जिल्ह्यातल्या कोणीही तिथे आपलं मत लिहावं, दुसऱ्यानं त्याखाली उत्तर द्यावं. कॉलेजातली नोकरी संपल्यावर घरात बसवेना, तेव्हा एका ओळखीच्या संगणकवाल्याकडून ते करून घेतलं. आणि लोक लिहितात हो. वानरांनी बागेत केळीचा घड ठेवला नाही म्हणून लिहितात, सुट्टीत गणपतीपुळ्याला गाड्यांमुळे चालता येत नाही म्हणून लिहितात. एक गृहस्थ तर विषय कुठलाही असो, सकाळी त्याखाली गुलाबाचं फूल चिकटवून जातात. पाणीटंचाईवरही गुलाब. मी त्यांना दोनदा समजावलं, तर त्यांनी मलाच फूल पाठवलं.

गुलाबाचं काही नाही, ते परवडलं. पण बाकीचे लिहायचे ते वाचवत नव्हतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा सगळा कारभार. खरं नाव कोणाचंच नाही. कोणी 'कोकणचा ढाण्या', कोणी 'सडेतोड', कोणी 'एक जागरूक नागरिक'. समोरच्याच्या आईबापापर्यंत जायचे. मी शब्दांवर मर्यादा घातली, उत्तर लिहिल्यावर ते अर्धा तास थांबूनच दिसेल असं केलं, काही काही पुसूनही टाकलं. काही उपयोग झाला नाही. तेव्हा मला तुमची खालच्या आळीतली ती खोली आठवली. शाईचा आणि रॉकेलचा वास येतोय, तुम्ही बाकड्यावर, समोर एक भुसार दुकानदार रागानं लाल होऊन बसलाय. नगरपालिकेच्या कारकुनाला त्यानं पत्रात धुऊन काढलंय. तुम्ही त्याच्यासाठी चहा सांगता आणि म्हणता, "वाचा बघू मला." तो मोठ्या आवाजात सुरू करतो, तिसऱ्या वाक्याला आवाज उतरतो, मग स्वतःच म्हणतो, "हे एवढं खोडा हो नाना, त्याचा मुलगा माझ्या मुलाबरोबर शाळेत आहे." जे उरलं ते तुम्ही छापलंत, खाली त्याच्या नाव-गावासकट.

आणि मला केलेली ती कानउघाडणीही आठवली. मी नववीत असताना शाळेतल्या मुलींच्या संडासाबद्दल 'एक विद्यार्थिनी' असं खाली लिहून तुमच्याच पत्रपेटीत गुपचूप पत्र टाकलं होतं. तुम्ही अक्षर ओळखलंत. संध्याकाळी स्वयंपाकघरात पाटावर बसून मऊ भात जेवताना, आईसमोर, न चिडता म्हणालात, "लाज वाटत्ये तर लिहू नकोस. आणि लिहिलंस तर लाजू नकोस. नाव घालून आण, मी छापतो." मी रडले, पण नाव घातलं. पुढच्या महिन्यात संडासाला दार लागलं. आईनं त्या दिवशी मला विचारून माझ्या आवडीची सोलकढी केली. माझा तुमच्यावर विश्वास बसला तो तेव्हापासून.

तर मी तोच नियम आणला. प्रत्येकानं खरं नाव आणि गाव लावायचं, नाहीतर पान बंद. संगणकवाल्यानं अशी सोय केली की नाव लावलं की त्या माणसाचं मागचं सगळं लिखाणही त्याच नावाखाली दिसायला लागलं. आठवडाभरात चमत्कार झाल्यासारखं वाटलं. काल शिव्या देणारे आज 'आदरणीय महोदय' लिहायला लागले. मी इतकी खूश, की देवाजवळ साखर ठेवली.

मग केळशीच्या बाईंचं लिहिणं थांबलं. या बाई म्हणजे माझ्या पानाचा जीव. खेड तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत त्यांनी नोकरी केली, निवृत्त झाल्यावर सासरी केळशीला येऊन राहिल्या. दर आठवड्याला लिहायच्या, मुलं कमी झाली म्हणून वाड्यांवरच्या शाळा बंद करू नका, लहान पोरांनी किती चालायचं, असं. शांतपणे, कोणाला न दुखवता. तो ढाण्या त्यांच्यावर कायम तुटून पडायचा. 'म्हातारे, फुकटचा पगार खाल्लास, आता पेन्शन खा आणि गप पड. तुम्ही मास्तरणींनी काय दिवे लावलेत ते ठाऊक आहे.' बाई त्यावर मला फोन करून हसायच्या. "ढाण्याला आज जेवण मिळालेलं दिसत नाही हो," म्हणायच्या. अशा बाई नावांचा नियम आल्यावर गप्प झाल्या. फोनवर नीट बोलेनात, तेव्हा मी दापोलीवरून एसटीनं केळशीला गेले.

बाईंनी घावन घातले. चुलीपाशी बसून माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तो ढाण्या आमचा आहे. पहिलीत माझ्याकडे होता. नाव वाचलं, गाव वाचलं, दुसरा कोण असणार? डावखुरा होता, पाटीवर उलटं काढायचा. हात धरून गिरवून घेतलंय मी त्याच्याकडून. आता कुवेतला असतो."

 म्हटलं, "पण बाई, तुमचंही नाव आहे की तिथे. ते वाचून त्याला काहीच वाटलं नाही?"

"माझं नाव कुठे माहित्ये त्याला? हजेरीत त्याचं नाव मी रोज घ्यायची. माझं नाव कोण घेणार? शाळेत आम्ही दोघी. मी मोठ्या बाई, ती धाकट्या बाई. आणि आता नावापुढे केळशी लिहिलेलं, मग तर झालंच."

नाना, करायला गेले गणपती आणि झाला मारुती. तुमच्या खोलीत नावाबरोबर माणूस बाकड्यावर बसलेला असायचा, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी नुसती नावं गोळा केली. त्या नावांनी बाईंना तेवढं कळलं की शिव्या घालणारा आपलाच आहे. मी म्हटलं, त्याला सांगते, माफी मागायला लावते, ते सगळं पुसून टाकते. बाई म्हणाल्या, "पुसलंत म्हणून मी वाचलं नाही असं होणाराय का? आणि सांगू तर मुळीच नका. त्याला जन्मभर लागेल. तो मनानं वाईट नाही हो, तिकडे एकटा असतो." मग पदरानं डोळे पुसले आणि धुराला बोल लावला. "नाव नव्हतं तेव्हा बरं होतं," एवढंच म्हणाल्या. मी कशीबशी जेवले. परतीच्या गाडीत रडत होते, शेजारची कोळीण विचारत होती, कोण गेलं गो तुमचं.

यंदा त्याच वाडीवरची ती शाळा बंद होणार असं ठरलं. बातमी माझ्या पानावर आली आणि त्याखाली पहिलं उत्तर कुवेतहून, त्याचंच. लिहिलंय, 'आमच्या मोठ्या बाई असत्या तर कोणाची हिंमत झाली नसती. पावसात पऱ्ह्याला पाणी चढलं की बाई आम्हाला एकेकाला कडेवर घेऊन पलीकडे सोडायच्या. मी आज आहे तो बाईंमुळे. अशी माणसं आता राहिली नाहीत.' खाली शंभर जणांनी हात जोडले, गुलाबही आला. मी ते दोनदा वाचलं. राग आला, आणि रडूही.

बाईंना फोन लावला आणि वाचून दाखवलं. म्हटलं, बाई, आता तरी लिहा, एक ओळ लिहा, मी मोठ्या बाई म्हणून. शाळा वाचेल.  मग म्हणाल्या, "पऱ्ह्याचं लक्षात आहे त्याच्या? राहू देत त्या बाई त्याच्याजवळ. मी लिहिलं तर त्याला त्यासुद्धा उरायच्या नाहीत." मी पुन्हा म्हटलं, शाळेचं काय? तर म्हणाल्या, "शाळेसाठी तो लिहितोय ना आता. लिहू दे." आणि दमले असं सांगून फोन ठेवला. त्यानंतर मी केला की सून घेते, सासूबाई जरा आडव्या झाल्यात म्हणते.

तुम्ही असतात तर काय केलं असतंत, ते मी रोज विचारते आणि मला उत्तर सुचत नाही. नावांचा नियम काढावा तर पुन्हा तीच घाण, ठेवावा तर हे असं. पान अजून चालू आहे. हे पत्र तर तुम्हाला पाठवायचं म्हटलं तरी कुठे पाठवू? पण एक खरं सांगते. त्याच्या त्या लिखाणाखाली मी उत्तर लिहून ठेवलंय, बाईंच्या नाव-गावासकट, ज्यांना तू शिव्या घातल्यास त्याच तुझ्या मोठ्या बाई, हे सांगणारं. अजून पाठवलेलं नाही. बाईंना परत आणायला लिहिलंय असं मी इतके दिवस मनाला समजावत होते. ते खरं नाही, नाना. त्याला लागावं म्हणून लिहिलंय.