आईच्या तिखटाची निर्दोष सुटका

नाही आत्या, आईच्या तिखटानं बाबा गेले नाहीत. आत्ता या खाटेशी उभं राहून तू पुन्हा तेच म्हणालीस, "हिच्या तिखटानं माझ्या भावाचं पोट जाळलं." म्हणून लिहून देतेय. कागदाला मधे तोडता येत नाही.

तर मी, खाली सही करणारी, पूर्ण शुद्धीवर आहे, गुंगीचं इंजेक्शन अजून दिलेलं नाही, आणि कुणी हात धरून लिहवून घेत नाहीये. मी परत आले नाही तर:

एक. दोन खोल्या आणि बँकेतली शिल्लक आईला. आत्या, डोळे मोठे करू नकोस.

दोन. माझी पिपेट, थेंब मोजून घ्यायची ती नळी, आमच्या लॅबच्या मॅडमना. लॅबमध्ये रोगप्रतिकारक पेशी तपासताना तुलनेला निरोगी रक्त लागतं. बाहेरून कोण आणणार? आम्हीच बाह्या वर करायचो. मग जनुकं वाचायची वेळ आली, आणि माझ्या 'निरोगी' रक्तात एक जनुक बिघडलेलं निघालं. मॅडम ओरडल्या, "नळ्यांची अदलाबदल केलीस ना, धांदरट!" पुन्हा रक्त दिलं, पुन्हा तेच. नळी बरोबर होती, निरोगी मीच नव्हते. त्या जनुकानं पोटाचा कॅन्सर होऊ शकतो, बाबांना झाला तोच. हॉस्पिटलमध्ये खात्री केली. आईचंही रक्त तपासलं, त्यात काही नाही. म्हणजे हे बाबांकडून आलं. तुमच्या घरातून, आत्या.

हे कळल्यावर आई रडली नाही. एवढंच म्हणाली, "म्हणजे मी नाही ना गं?" इतकी वर्षं ती स्वतःच्या ताटातसुद्धा तिखट घेत नव्हती.

तीन. कॅन्सर व्हायच्या आतच आज काढतील ते पोट लॅबला. त्यावर पेपर निघाला तर पहिलं नाव माझं. पोट माझं होतं. पोटाशिवाय माणसं जगतात, थोडं थोडं खातात. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलीस. काल कधी नव्हे ती गाढ झोपले.

चार. आत्या, तुला तळमजल्यावरच्या रक्ततपासणीची वेळ. घेऊन ठेवलीय. तुझ्यातही ते असू शकतं, आणि मला तू हवी आहेस, टोमण्यांसकट.

लॅबमधल्या चष्मिसला काही नाही. साक्षीदाराला काही ठेवू नये, असं वकीलकाका म्हणाले. तो तोंड पाडून सही करतोय.

साक्षीदार: चष्मिस, लॅबमधला शेजारी. दुसरे, वकीलकाका.
ठिकाण: वॉर्ड, खिडकीजवळची खाट.
तारीख: ऑपरेशनची, खाटेच्या पाटीवर आहे तीच.
सही: केली.

स्ट्रेचर आलं. आत्या, आई बाहेर बाकावर एकटी बसलीय. तिच्याशेजारी जाऊन बस, आणि पहिल्यांदा तू बोल. मी निघाले.