हॅल्डनसाहेबांचे ‘हट’

मी, कमलाकर सखाराम भुवड, वय ४६, धंदा रिगर (दोर लावून अवजड माल उचलणारा), राहणार पालशेत, ता. गुहागर, सध्या मुक्काम सौदीतील हुफूफजवळील कॅम्प, डोके ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. धाक आहे, पण तो जिवंत माणसाचा नाही.

१. घर पत्नी सुहासिनीस. परसातील फणसावर धाकटे बंधू बाबाजी यांनी हक्क सांगू नये. झाड मी लावले, त्यांनी फक्त गरे खाल्ले.

२. ट्रंकेतील निळी जर्सी आमचे इथले फोरमन कै. हॅल्डनसाहेब यांच्या कॅनडातील बहिणीस पाठवावी. पत्ता आत आहे. साहेब तिकडे नऊ वर्षे पगारी फुटबॉल खेळले. तो फुटबॉल हातात घेऊन पळायचा. साहेब ‘हट’ ओरडले की चेंडू त्यांच्या हाती यायचा आणि बाराही जण तुटून पडायचे. तीन डावांत दहा यार्ड गेले नाहीत तर चेंडू समोरच्यांचा. गुडघा गेला तेव्हा संघाने दोन ओळींच्या पत्रात निरोप दिला, तो कागद ते पाकिटात बाळगत. इथे पाइप उचलतानाही ते ‘हट’च ओरडत, म्हणजे दोर ओढा.

३. माझे पाने व कमरपट्टा दाभोळच्या सिराजुद्दीनला, तो घेईल तर. तो नवा होता. ‘हट’चा अर्थ सांगणे माझे काम होते. नव्याची फजिती बघायची आमची रीत, म्हणून मी मुद्दाम गप्प राहिलो. ‘हट’ ऐकून तो दोर सोडून मागे सरला. पाइप फिरला. साहेबांच्या गुडघ्याने त्यांना बाजूला होऊ दिले नाही.

चौकशीत मी म्हणालो, “मी सांगितलं होतं, त्यानं ऐकलं नाही.” सिराजुद्दीन आठ महिने तुरुंगात राहून घरी गेला. आज त्याला कोणी कामावर घेत नाही. याची मला लाज वाटते.

४. साहेब गेल्यावर भर दुपारी, यार्डात दुसरे कोणी नसताना, तोच आवाज दोनदा आला. दोन्ही वेळा माझे पाय आपोआप मागे गेले आणि मी उभा होतो तिथे लोखंड कोसळले. सहा वर्षे अर्थ माहीत असून मी हटलो, मग त्या पोराचा काय दोष? तिसरा डाव बाकी आहे, म्हणून आजच लिहिले.

५. सुहासिनीने हा कागद सिराजुद्दीनची आई सफूरा हिच्या दारात उभे राहून मोठ्याने वाचावा. टपालाने पाठवू नये.

हुफूफ, ३ मार्च १९८१
सही : क. स. भुवड

साक्षीदार :
१. दत्ताराम गोविंद घाणेकर
२. नूरुद्दीन इस्माईल परकार (अक्षर कमलाकरचेच. सही करताना ‘हट’ मीही ऐकले.)